एका गणिताच्या प्राध्यापकाची गोष्ट

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीचा तास असायचा, पण मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दंड भरावा लागायचा. त्यामुळे माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे. मॅगझिनच्या इंग्लिश विभागात लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं, पण ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याने आयुष्यभर मराठीत लिहिलं आणि मराठीतच शिव्या खाल्ल्या. तेव्हा त्याची गोष्ट मराठीतच सांगायला हवी.

गोष्ट सुरू होते आपल्या होस्टेलच्या पाण्याच्या टाकीपासून. एप्रिल महिना, सबमिशनचे दिवस. होस्टेलमध्ये राहणाऱ्या कुणालाही एप्रिलमधलं पाणी म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. सकाळी सहाला बादल्यांची लाईन, टँकर आला की धावपळ आणि केसांना शॅम्पू लावून झाल्यावर नळ बंद! आमच्या विंगमध्ये एका रूममध्ये दोघी असायच्या, नंतर तिघी झाल्या. टाकी तीच, टँकर तेवढाच. तीन बादल्यांच्या दोन झाल्या. त्यावरून आमच्यात जी भांडणं झाली ती इथे छापण्यासारखी नाहीत. शेवटी माझी रूममेट वैतागून म्हणाली की सगळ्या भांडणांचं मूळ पॉप्युलेशन आहे, होस्टेलचंही आणि देशाचंही. आम्ही हसलो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

त्याच आठवड्यात लायब्ररीत एम-थ्रीचं पुस्तक शोधताना चुकीच्या कपाटात हात गेला आणि एक जुनं, पिवळ्या पानांचं चरित्र हाती लागलं. चरित्रनायक होते रघुनाथ धोंडो कर्वे, गणिताचे प्राध्यापक. गणिताचा प्राध्यापक म्हटल्यावर मी उघडून पाहिलं. दोन पानं वाचली आणि विषय कळल्यावर इकडेतिकडे बघितलं. विषय होता संततिनियमन. इश्यू करताना ते पुस्तक मी एम-थ्रीच्या खाली ठेवलं. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस ज्या विषयावर उघड बोलला, त्यावरचं पुस्तक मी आज लपवून नेत होते. याची लाज नंतर वाटली, त्या वेळी नाही.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरुडचा. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपण ज्यांना महर्षी कर्वे म्हणतो ते. आई राधाबाई. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, आई बाळंतपणात गेली. त्या काळात ही बातमी नव्हती. घरोघरी असंच चालायचं. बाई बाळंतपणात जायची, चार लोक हळहळायचे आणि वर्षभरात घरात दुसरी यायची. पुढे आयुष्यभर त्यांनी जो ध्यास घेतला त्याचं बीज इथे होतं का, हे मी सांगू शकत नाही. पण नऊ वर्षांच्या मुलाला काही कळत नाही असं मला वाटत नाही.

महर्षींनी मात्र जगाच्या उलट केलं. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गावाने त्यांना वाळीत टाकलं. म्हणजे समाजाच्या विरोधात जाऊन कसं जगायचं, याची शिकवणी रघुनाथला घरातच मिळाली. मुलगा हुशार निघाला. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. आजच्या भाषेत बोर्डात पहिला! १९०४ मध्ये फर्ग्युसनमधून बी.ए. झाला आणि वडिलांसारखाच गणित शिकवू लागला. इथपर्यंत सगळं आपल्या आईवडिलांना आवडेल असं. चांगले मार्क, चांगली नोकरी, चांगलं घराणं.

लग्न झालं ते गंगाबाई गोखले यांच्याशी. लग्नानंतर त्या मालतीबाई झाल्या. या दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. त्या जमान्यात मूल नसणं म्हणजे बाईच्या नावावर कायमचा डाग. लोक वांझ म्हणणार, हळदीकुंकवाला बोलावणार नाहीत. नवऱ्याच्या विचारांची किंमत बायकोने जास्त मोजली, असं मला चरित्र वाचताना सारखं वाटत राहिलं. ध्यासपर्व नावाचा अमोल पालेकरांचा सिनेमा २००१ साली आला होता. त्यात किशोर कदम रघुनाथराव आहेत आणि सीमा बिस्वास मालतीबाई. जमलं तर बघा. माझं लक्ष तर मालतीबाईंवरच होतं.

पहिलं महायुद्ध संपल्यावर कर्वे गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तिथे गणिताबरोबर त्यांनी या विषयावरचं युरोपातलं वाचन केलं. परत आले ते मनाशी पक्कं ठरवून. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी त्यांचं पहिलं क्लिनिक उघडलं होतं. म्हणजे जगाच्या राजधानीत जे होत होतं, तेच त्याच वर्षी मुंबईत एक मराठी मास्तर स्वतःच्या खिशातून करत होता. कुठली ग्रँट नाही, संस्था नाही, पाठीशी पुढारी नाही. सोबत फक्त मालतीबाई. १९२३ मध्ये त्यांचं संततिनियमन या विषयावरचं मराठी पुस्तक निघालं.

तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचं. वर्गात ते गणितच शिकवायचे, पण बाहेर काय लिहितात-बोलतात ते व्यवस्थापनाला सहन होईना. एकतर हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा प्रसंग आला. कर्व्यांनी नोकरी सोडली. (आपल्या जिल्ह्यातल्या भंडारदऱ्याच्या धरणाचं नावही विल्सन डॅम, पण तो विल्सन वेगळा. तो मुंबईचा गव्हर्नर. १९२६ मध्ये त्याच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. नगरमध्ये वाढल्यामुळे विल्सन म्हटलं की मला आधी धरणच आठवतं, म्हणून सांगितलं.)

मिशनरी शाळेत शिकल्यामुळे हा प्रसंग मला जरा जास्तच ओळखीचा वाटला. दहावीला आमच्याकडे पुनरुत्पादनाचा धडा आला तेव्हा तो घरी वाचून या असं सांगण्यात आलं आणि पुढचा धडा सुरू झाला. घरी तो कुणी वाचला नाही, म्हणजे सगळ्यांनी वाचला पण कुणी कबूल केलं नाही. प्रश्न विचारायचा कुणाला? मग मैत्रिणींच्या मैत्रिणींकडून जे अर्धंमुर्धं ऐकलं तेच ज्ञान.

नेमकी हीच अडचण ओळखून कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये समाजस्वास्थ्य हे मासिक काढलं. वाचक त्यांना पत्रं पाठवायचे, ज्या गोष्टी नवरा बायकोला आणि बायको आईला विचारू शकत नव्हती त्या गोष्टी विचारायचे आणि कर्वे सरळ, न लाजता, न चिडवता उत्तर द्यायचे. गणित सोडवावं तसं, पायरी न गाळता. मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र असायचं, त्यामुळे बऱ्याच लोकांनी आतलं न वाचताच मत बनवलं. मासिक तोट्यातच चाललं. संपादक, लेखक, व्यवस्थापक सगळं एकच माणूस. तरी ते २६ वर्षं निघत राहिलं. आपलं हे वार्षिक मॅगझिन काढताना एडिटोरियल बोर्डाचे जे हाल होतात ते बघून मला त्या २६ वर्षांचा अर्थ थोडाफार कळतो.

बरं, विरोध काही अडाणी लोकांचाच नव्हता. गांधीजींनासुद्धा संततिनियमनाची कृत्रिम साधनं मान्य नव्हती. संयम पाळा, ब्रह्मचर्य पाळा, असं त्यांचं मत होतं. कर्व्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. संयम सगळ्यांना जमत नाही आणि जमला नाही की शिक्षा बाईला होते. मग उपाय असताना तिने ती का भोगायची? शिवाय स्त्रीलाही पुरुषाइतकंच शरीरसुख हवं असू शकतं आणि त्यात पाप काही नाही, असंही ते लिहीत. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थोडा अडखळला, मग तेव्हा काय झालं असेल!

झालं ते असं की खटले झाले. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला. या वेळी गुन्हा काय, तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकात उत्तरं दिली. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, लोक अज्ञानातून प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञान द्यायला हवं, या बाजूने ते कोर्टात लढले. केस हरले. २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही, आणि इथे गोष्ट आपल्या नगरला येते.

१० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत एक बिनसरकारी ठराव आला. सरकारने लोकांमध्ये संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी द्याव्यात, असा ठराव. तयार केला होता बाबासाहेबांनी, पण त्या दिवशी ते सभागृहात नव्हते. मांडला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. रोहम कुठले? अहमदनगर दक्षिणचे! म्हणजे पारनेर-श्रीगोंदा-जामखेडच्या बाजूच्या या कोरड्या मुलखाचा माणूस स्वातंत्र्याच्या ९ वर्षं आधी सभागृहात उभा राहून सांगत होता की बायकांना आणि गरिबांना हे ज्ञान आणि ही साधनं मिळाली पाहिजेत. ठराव मोठ्या फरकाने पडला. मी नगरमध्ये लहानाची मोठी झाले, पण रोहमांचं नाव मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं. रस्त्याला कुणाकुणाची नावं देतात, हे नाव कुठे दिसलं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी सुट्टीत गावी गेले. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. आजीला रात्री ओट्यावर बसून सगळी गोष्ट सांगितली. कर्वे कोण, मासिक कसलं, कोर्टात काय झालं. आजी पदर तोंडाला लावून हसली. मग गप्प झाली. मग तिने जे सांगितलं ते मी वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

आजीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. ७२ च्या दुष्काळात तिच्या पदरात तीन लेकरं होती आणि चौथं पोटात. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची, ती मुलांना चारायची. गावची विहीर आटली होती, तळाशी उतरून वाटीने पाणी भरावं लागायचं. सहावं झाल्यावर तिला थांबायचं होतं. ऑपरेशन असतं हे तिने दवाखान्यातल्या नर्सकडून ऐकलं होतं. पण तेवढ्यात आणीबाणीतली नसबंदीची मोहीम आली. गावात जीप आली की पुरुष ज्वारीत लपायचे. धरून नेतात, कापतात, माणूस कामातून जातो, अशा गोष्टी घरोघर. त्या भीतीत ऑपरेशन हा शब्दच घरात उच्चारायची सोय राहिली नाही. आजीने विषय काढला तेव्हा पणजीने तिला आठ दिवस बोलून बोलून हैराण केलं. १९७८ मध्ये सातवं बाळंतपण झालं. त्यात आजी मरता मरता वाचली. सातांपैकी पाच जगली.

ते सातवं अपत्य म्हणजे माझे बाबा.

हे ऐकून मी सुन्न झाले. कारण हिशेब सरळ होता. कर्व्यांचं म्हणणं आजीपर्यंत वेळेवर पोचलं असतं, तर बाबा नसते, म्हणजे मीही नसते. मी हे बोलून दाखवलं. आजीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा तिला सगळ्यात लाडके आहेत, हे गावाला माहीत आहे. पण तिने शब्द मागे घेतला नाही. तिला बाबा हवेच होते, पण तिला कुणी विचारायलाही हवं होतं, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

आणि तेव्हा मला कर्वे आणि आणीबाणी यांतला फरक नीट कळला. वरवर दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते, लोकसंख्या कमी करा. पण कर्वे सुरुवात करायचे माणसापासून, विशेषतः बाईपासून. तिला माहिती द्या, साधन द्या, निर्णय तिचा. आणीबाणीत सुरुवात झाली आकड्यापासून, वरून टार्गेट आलं आणि खाली माणसं धरली गेली. १९७६ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. सक्तीने काय साधलं ते आजीने सांगितलं. जिला हवं होतं तिलाही मिळालं नाही.

आता थोडं गणित, आपण इंजिनीअर आहोत म्हणून. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे २५ कोटी होती. १९५१ मध्ये ३६ कोटी, २०११ मध्ये १२१ कोटी. पाऊस मात्र तेवढाच पडतो. सरकारी आकड्यांप्रमाणे १९५१ मध्ये देशात दरडोई वर्षाला ५,१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होतं, २०११ मध्ये १,५४५. अंश तोच, छेद वाढला. आमच्या विंगच्या बादल्यांचं गणित फक्त मोठ्या स्केलवर.

पण एवढ्यावर क्यू.ई.डी. लिहून मोकळं होता येत नाही. आपलाच जिल्हा बघा. महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा, २०११ ला ४५ लाख लोकसंख्या. उत्तरेला प्रवरा-मुळेचे कालवे आणि डोळे पोचतील तिथपर्यंत ऊस, दक्षिणेला फेब्रुवारीतच टँकर. माणसं दोन्हीकडे आहेत. म्हणजे किती डोकी आहेत एवढाच प्रश्न नाही, कोण किती उपसतं हाही आहे. आमच्या विंगमध्येही तिघी झाल्या म्हणून पाणी कमी पडलं हे खरं, पण दोन बादल्यांत एक जीन्स धुणारी कोण होती तेही आम्हाला माहीत आहे. (ती मीच.)

हे दोन्ही प्रश्न एकत्र हाताळले ते आपल्याच जिल्ह्यातल्या गावांनी. राळेगणसिद्धीने आणि नंतर हिवरे बाजारने जी पंचसूत्री धरली तिच्यात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीला नसबंदीही आहे. झाड, गवत, पाणी आणि कुटुंब, सगळ्याचा एकच हिशेब. हिवरे बाजारला तर पाऊस मोजून गावाचं पाण्याचं बजेट मांडतात, पिण्याचं आधी काढून ठेवतात आणि उरलेल्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, हा गावाने स्वतःवर घातलेला नियम. निसर्गाला मर्यादा आहे हे आपण निबंधात लिहितो, त्यांनी ती ग्रामसभेत मोजली.

कर्वे हे बघायला हवे होते. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. मालतीबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. समाजस्वास्थ्यचा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारताने सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. असं करणारा जगातला तो पहिला देश. ज्या कामासाठी त्यांना नोकरी सोडावी लागली आणि दंड भरावा लागला ते काम सरकारने हाती घेतलं. वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं आणि ते योग्यच होतं. मुलाला काही मिळालं नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आढळली. म्हणजे दोनपेक्षा कमी. मग कर्वे जिंकले का? त्याच पाहणीतला देशाचा दुसरा आकडा बघा. विवाहित जोडप्यांत बाईची नसबंदीची शस्त्रक्रिया दर शंभरांत सुमारे ३८ ठिकाणी, पुरुषाची एका ठिकाणीही नाही, ०.३ फक्त. खरं म्हणजे पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी असते. आणि आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे २००१ ला ८८४ मुली होत्या, २०११ ला ८५२ राहिल्या. कुटुंब लहान झालं, पण लहान करताना कोणाला वगळलं ते या आकड्यात दिसतं. मुलं किती हे ठरलं, पण बाईचं कोणी ऐकलं का, हा कर्व्यांचा मूळ प्रश्न शंभर वर्षांनीही सुटलेला नाही. गणितात याला उत्तर बरोबर पण रीत चुकली म्हणतात. आपले सर त्याला अर्धेच मार्क देतात.

गावाहून परत आल्यावर मी पुस्तक लायब्ररीत परत करायला गेले. या वेळी एम-थ्री बरोबर नेलं नाही. काउंटरवर गर्दी होती, मुलंही होती. पुस्तक वर ठेवलं, नाव दिसेल असं. काकांनी शिक्का मारला, एकदा पुस्तकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे आणि विचारलं की वाचून झालं का. मी हो म्हटलं. ते म्हणाले की बरं झालं, खूप वर्षांनी कोणी नेलं होतं.

पुस्तक आता शेल्फवर आहे. चुकीच्याच कपाटात, गणिताच्या पुस्तकांमध्ये. मी काकांना सांगून ते तिथेच राहू दिलंय.